संथ रेडिओ स्पंदांचा धनी कोण? ‘उगम’ सांगणारे पेपर वाचताना

एखाद्या खगोलीय वस्तूचा उगम सांगणारा पेपर हातात आला की मी आधी एकच गोष्ट शोधते: लेखकांनी तो उगम प्रत्यक्ष दाखवला आहे, की बाकीचे पर्याय वगळत वगळत ते तिथे पोचले आहेत? दोन्ही पद्धती विज्ञानात चालतात. पण दुसरी पद्धत वापरताना एक अट असते. पर्यायांची यादी पूर्ण हवी. यादीत एक जरी नाव राहून गेलं, तर वगळावगळी कितीही काटेकोर असली तरी शेवटी उरलेलं उत्तर चुकीचं असू शकतं.

हे नीट समजून घ्यायला सध्या ‘लाँग-पीरियड ट्रान्झियंट’सारखं दुसरं उदाहरण नाही. काही मिनिटांपासून काही तासांपर्यंतच्या ठरावीक अंतरानं रेडिओ स्पंद पाठवणारे हे स्रोत. या लेखात २०२२ ते २०२५ या काळातले सहा पेपर टीकेच्या नजरेनं वाचायचे आहेत. तुमच्यापैकी बरेच जण नेट, जेस्ट किंवा पीएच.डी.च्या मुलाखतीच्या तयारीत असाल. मुलाखतीत ‘या स्रोतांविषयी काय माहीत आहे’ एवढंच विचारत नाहीत, ‘ते कशावरून’ असंही विचारतात. हा लेख त्या ‘कशावरून’साठी आहे.

आधी वस्तुस्थिती

जानेवारी २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये नताशा हर्ली-वॉकर आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन वाइडफील्ड अ‍ॅरे या दुर्बिणीच्या २०१८ च्या जुन्या डेटात त्यांना एक स्रोत सापडला होता. दर १८.१८ मिनिटांनी तो ३० ते ६० सेकंद उजळायचा. जानेवारी ते मार्च २०१८ या काळात त्याचे ७१ स्पंद मिळाले, नंतर तो गप्प झाला. स्पंद जवळजवळ पूर्णपणे रेषीय ध्रुवीकृत होते, म्हणजे तिथे सुसूत्र चुंबकीय क्षेत्र आहे हे नक्की. तो डेटात प्रथम ज्यानं पकडला तो टायरोन ओ’डोहर्टी तेव्हा पदवीच्या स्तरावरचा विद्यार्थी होता, हे तुमच्यासाठी मुद्दाम सांगते.

आता हे विचित्र का? साधे पल्सार मिलिसेकंदांपासून काही सेकंदांपर्यंतच्या आवर्तकालात फिरतात. न्यूट्रॉन तारा फिरण्याची ऊर्जा खर्च करून रेडिओ लहरी देतो. तो मंदावला की एका मर्यादेनंतर, जिला ‘डेथ लाइन’ म्हणतात, त्याचं रेडिओ प्रक्षेपण थांबायला हवं. अठरा मिनिटांना एक फेरी घेणारा तारा या रेषेच्या फारच पलीकडे पडतो. तरीही हा स्रोत भरपूर तेजस्वी होता.

१९६८ चं गणित आणि त्याची उलटी बाजू

जॉसलिन बेल यांना १९६७ मध्ये पहिला पल्सार मिळाला, त्याचा आवर्तकाल १.३३७ सेकंद. १९६८ च्या पहिल्या पेपरात श्वेत बटू आणि न्यूट्रॉन तारा असे दोन्ही पर्याय उघडे ठेवले होते. निकाल लागला तो वर्षअखेरीस, खेकडा तेजोमेघात ३३ मिलिसेकंदांचा पल्सार सापडल्यावर. का? एक सोपं गणित आहे, ते मुलाखतीला जाण्यापूर्वी एकदा हातानं करून बघाच.

फिरणारी वस्तू स्वतःच्या गुरुत्वाकर्षणानं एकत्र राहायची असेल, तर तिची सरासरी घनता किमान ३π भागिले जी आणि आवर्तकालाचा वर्ग यांचा गुणाकार, एवढी हवी. ३३ मिलिसेकंद घाला: घनता किमान सुमारे १३० लाख कोटी किलो प्रति घनमीटर येते. श्वेत बटूची सरासरी घनता साधारण शंभर कोटी किलो प्रति घनमीटर. म्हणजे श्वेत बटू इतक्या वेगात फिरला तर फुटून जाईल. एक पर्याय गेला, आणि तो गेला हे कुणालाही मान्य करावं लागलं.

हेच सूत्र १८.१८ मिनिटांना लावा. किमान घनता येते सुमारे १.२ लाख किलो प्रति घनमीटर. श्वेत बटू या अटीत सहज बसतो, न्यूट्रॉन तारा तर बसतोच. २.९ तासांना लावा: सुमारे १,३०० किलो प्रति घनमीटर, म्हणजे पाण्यापेक्षा थोडी जास्त आणि सूर्याच्या सरासरी घनतेच्या जवळपास!

गंमत लक्षात आली का? वेगवान घड्याळ आपल्याला धनी सांगतं. संथ घड्याळ जवळजवळ काहीच सांगत नाही. १९६८ मध्ये जो पुरावा निर्णायक ठरला, तोच इथे मुका होतो. त्यामुळे ‘अमुक मिनिटांचा आवर्तकाल सापडला’ या वाक्यापासून ‘म्हणून हा न्यूट्रॉन तारा’ या वाक्यापर्यंत थेट रस्ता नाही. मधला सगळा रस्ता इतर गृहीतकांवर बांधलेला असतो, आणि टीका त्या गृहीतकांवर करायची असते.

पहिला पेपर: सावध मजकूर, अपुरी यादी

२०२२ च्या पेपरची मांडणी मला आवडते. शीर्षकात उगमाचा दावा नाही, फक्त ‘असाधारण संथ आवर्ती प्रक्षेपण’ आहे. सारांशात हा अतिदीर्घ आवर्तकालाचा मॅग्नेटार असू ‘शकेल’ एवढंच म्हटलं आहे. मॅग्नेटार म्हणजे प्रचंड चुंबकीय क्षेत्राचा न्यूट्रॉन तारा. त्याला फिरण्याच्या ऊर्जेवर अवलंबून राहावं लागत नाही, चुंबकीय क्षेत्रातल्या साठ्यातूनही तो उजळू शकतो.

पण तर्क कसा होता ते बघा. स्रोताचं रेडिओ तेज हे न्यूट्रॉन तारा मंदावताना सोडू शकेल त्या ऊर्जेपेक्षा जास्त निघालं. म्हणून साधा पल्सार नाही. उरला मॅग्नेटार. हा वगळून काढलेला निष्कर्ष आहे. मॅग्नेटारची स्वतःची खूण, म्हणजे क्ष-किरण, नंतरच्या शोधात मिळाली नाही. श्वेत बटूचा विचार झाला, पण एकटा श्वेत बटू इतक्या जोरात रेडिओ लहरी देताना कुणी पाहिलेला नव्हता.

इथे ‘एकटा’ हा शब्द महत्त्वाचा. २०१६ मध्येच टॉम मार्श आणि सहकाऱ्यांनी ‘एआर स्कॉर्पाय’ ही जोडी जगासमोर आणली होती. त्यात श्वेत बटू १.९५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो आणि लाल बटू साथीदारासोबत ३.५६ तासांत एक कक्षा पूर्ण करतो. ती जोडी रेडिओतही स्पंदते. तिचे रेडिओ स्पंद बरेच मंद आहेत हे खरं, त्यामुळे तिला सरळ नमुना म्हणून वापरणं अवघड होतं. तरीही ‘साथीदाराच्या मदतीनं उजळणारा श्वेत बटू’ हा पर्याय यादीत ठळकपणे असायला हवा होता. नंतरच्या चर्चेत बराच काळ प्रश्न ‘न्यूट्रॉन तारा की श्वेत बटू’ असा विचारला गेला. ‘एकटा की जोडीनं’ हा प्रश्न मागे राहिला, आणि पुढे कळीचा ठरला तो हाच.

दुसरा पेपर: अर्काइव्हचं बळ

२०२३ मध्ये त्याच गटानं ‘नेचर’मध्ये दुसरा स्रोत मांडला: जीपीएम जे१८३९-१०. आवर्तकाल १,३१८ सेकंद, म्हणजे सुमारे २२ मिनिटं. स्पंद ३० ते ३०० सेकंदांचे. या पेपरातलं खरं सोनं अर्काइव्हमध्ये होतं. जुन्या निरीक्षणांत शोध घेतल्यावर हा स्रोत १९८८ पासून स्पंदत असल्याचं दिसलं. अमेरिकेतल्या व्हीएलएच्या आणि आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीच्या जुन्या डेटातही तो होता. तेव्हा तो कुणाच्या लक्षात आला नव्हता, कारण अर्ध्या मिनिटाचे स्पंद बावीस मिनिटांच्या अंतरानं कुणी शोधतच नव्हतं.

इतक्या लांब काळाचा डेटा मिळाल्यामुळे आवर्तकाल किती वेगानं वाढतोय यावर कडक मर्यादा घालता आली: दर सेकंदाला जास्तीत जास्त ३.६ गुणिले १० चा उणे १३वा घात सेकंद. आता वही काढा, हे गणित मी ढोबळमानानं करते.

न्यूट्रॉन ताऱ्याचं जडत्व आघूर्ण नेहमीप्रमाणे १० चा ३८वा घात किलो-मीटर वर्ग धरा. मंदावण्यातून सुटणारी ऊर्जा ४π² गुणिले आघूर्ण गुणिले आवर्तकालाच्या वाढीचा वेग, भागिले आवर्तकालाचा घन. उत्तर येतं जास्तीत जास्त सुमारे ६ गुणिले १० चा १७वा घात वॅट.

आता स्रोताचं तेज. १ जान्स्कीचा स्पंद, १ गिगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा, १५,००० प्रकाशवर्षं अंतर, आणि प्रक्षेपण सगळ्या दिशांना सारखं असं धरलं, तर येतात सुमारे २.५ गुणिले १० चा २४वा घात वॅट. खर्च जमेच्या ४० लाख पट!

कुणी म्हणेल, पल्सारचा झोत अरुंद असतो, सगळीकडे सारखं तेज धरणं चूक आहे. बरोबर. मग झोत आकाशाच्या ४० लाखाव्या भागाएवढा हवा. पण ३०० सेकंदांचा स्पंद म्हणजे फेरीचा जवळजवळ पाव भाग. झोत एका दिशेनं इतका लांब आणि तरीही क्षेत्रफळानं इतका छोटा हवा असेल, तर त्याची जाडी अर्ध्या आर्कसेकंदाच्या आसपास भरते. सत्तर-ऐंशी अंश लांब आणि अर्धा आर्कसेकंद जाड झोत निसर्गात कसा तयार होईल, हे मला तरी सुचत नाही. हे गणित ढोबळ आहे. अंतर निम्मं केलं, पट्टा अरुंद केला तर आकडे दहा-वीस पटींनी सरकतील. पण लाखो पटींची दरी त्यानं भरत नाही. म्हणून ‘फिरण्याच्या ऊर्जेवर चालणारा एकटा न्यूट्रॉन तारा’ हा पर्याय इथे खरोखर अडचणीत येतो, आणि लेखकांनीही तो शास्त्रीय प्रतिमानांच्या अगदी काठावर असल्याचं म्हटलं आहे.

आता तेच गणित श्वेत बटूसाठी. त्याचं आघूर्ण साधारण लाख पट जास्त, म्हणून जमाही लाख पट. दरी ४० लाखांवरून ४० वर येते, आणि चाळिसाव्या हिश्श्याचा झोत अगदी शक्य आहे. म्हणजे याच पेपरातल्या आकड्यांत श्वेत बटूकडे झुकणारा इशारा होता. ऊर्जेच्या युक्तिवादात कुठल्या वस्तूचं आघूर्ण गृहीत धरलंय हे तपासल्याशिवाय पुढचं पान उलटू नका.

साथीदार दिसला तेव्हा

२०२४ मध्ये ग्लीम-एक्स जे०७०४-३७ आला. आवर्तकाल २.९ तास. यात महत्त्वाची गोष्ट त्याची जागा आहे. तो आकाशगंगेच्या गर्दीच्या पट्ट्यापासून दूर आहे. मीरकॅट दुर्बिणीनं त्याचं स्थान बारकाईनं ठरवलं आणि तिथे नेमका एक लाल बटू तारा दिसला. गर्दीच्या पट्ट्यात अशा एका ठिपक्यात कितीतरी तारे सापडले असते आणि कुठला आपला हे सांगता आलं नसतं. लाल बटू एकट्यानं असे रेडिओ स्पंद देणं अवघड, म्हणून सोबत श्वेत बटू असावा, असा लेखकांचा तर्क. नंतरच्या वर्णपटीय अभ्यासानं तो पक्का केला: वर्णरेषा २.९ तासांतच पुढे-मागे सरकतात. म्हणजे घड्याळ कक्षेचं निघालं.

मार्च २०२५ मध्ये आयरिस द रुयटर आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर अ‍ॅस्ट्रॉनॉमी’त आयएलटी जे११०१+५५२१ मांडला. लोफार दुर्बिणीच्या साठवलेल्या डेटातून सापडलेला, १२५.५ मिनिटांचा. इथेही लाल बटू आणि श्वेत बटूची जोडी, आणि रेडिओ स्पंद कक्षेच्याच तालावर.

या दोन शोधांचं मोल वेगळ्या जातीचं आहे. इथे रेडिओच्या घड्याळाशी ताडून पाहायला दुसरं, स्वतंत्र घड्याळ मिळालं: ताऱ्याच्या प्रकाशातला डॉप्लर बदल. दोन्ही जुळले की उगमाचा दावा वगळावगळीवर टेकलेला राहत नाही.

जे०७०४ मध्ये आणखी एक धडा आहे. पहिल्या पेपरात त्याचं अंतर सुमारे १,५०० पार्सेक धरलं होतं. वर्णपटीय अभ्यासानंतर ते ४०० पार्सेकच्या आसपास आलं. अंतर पावणेचार पट कमी म्हणजे तेज सुमारे १४ पट कमी! वर जे ऊर्जेचे हिशेब आपण केले, त्यांतला सगळ्यात हलता पाया अंतराचा असतो हे यावरून कळावं. तेजाचा आकडा वाचताना अंतराची त्रुटी वर्गात जाते हे विसरायचं नाही.

रेडिओतूनच कक्षा

२०२५ मध्येच चानाद होर्वाथ आणि सहकाऱ्यांनी जीपीएम जे१८३९-१० कडे परत वळून ३६ वर्षांच्या स्पंदांच्या वेळा तपासल्या. स्पंद दर २२ मिनिटांनी न चुकता येत नाहीत, गटागटानं येतात. या गटांच्या मांडणीतून त्यांनी ८.७५ तासांची कक्षा काढली. प्रतिमान असं: श्वेत बटू फिरतो, त्याचा चुंबकीय अक्ष साथीदाराच्या वाऱ्याला छेदतो तेव्हा स्पंद निघतो. म्हणूनच कक्षेच्या काही भागांतच स्पंद दिसतात.

मला हा पेपर या सहांत सर्वांत देखणा वाटतो. २०२३ मध्ये ‘स्रोत कधी चालू, कधी बंद असतो’ अशी जी गोष्ट लहरीपणा म्हणून सोडून दिली होती, तिलाच इथे पुरावा बनवलं आहे. शिवाय तेच प्रतिमान त्यांनी जे१९१२-४४१० या ओळखीच्या श्वेत बटू जोडीला लावून पाहिलं, आणि ते तिथेही बसलं. आधीच उत्तर माहीत असलेल्या ठिकाणी आपली पद्धत तपासणं, ही सवय लावून घ्या.

उणीव कुठे? हे सगळं फक्त रेडिओ डेटावरून आहे. जे०७०४ मध्ये साथीदाराचा प्रकाश दिसला, इथे तो दिसलेला नाही. कक्षा आहे हे मला पटतं. कक्षेतली फिरणारी वस्तू श्वेत बटूच आहे, हे ऊर्जेच्या हिशेबामुळे आणि साम्यामुळे संभाव्य वाटतं. या दोन वाक्यांचं वजन सारखं नाही, आणि परिषदांमधल्या स्लाइडवर ते सारखं करून टाकलं जातं.

बादरायण संबंधाची गोष्ट

मे २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला आस्काप जे१८३२-०९११ हा या माळेतला अवघड मणी आहे. आवर्तकाल ४४.२ मिनिटं. फेब्रुवारी २०२४ मध्ये चंद्रा ही क्ष-किरण दुर्बीण शेजारच्या सुपरनोव्हाच्या अवशेषाकडे बघत असताना योगायोगानं हाही तिच्या नजरेत आला, आणि त्याच्या क्ष-किरणांतही तोच ४४ मिनिटांचा ताल सापडला. ऑगस्टपर्यंत क्ष-किरण दहापटीहून जास्त मंदावले, रेडिओही ओसरला.

आकाशात तो त्या अवशेषाच्या हद्दीतच दिसतो. सुपरनोव्हातून न्यूट्रॉन तारे जन्मतात, तेव्हा ‘सापडला धनी’ असं म्हणायचा मोह होणारच. स्वतंत्रपणे हाच स्रोत शोधणाऱ्या दुसऱ्या गटानं त्याला अवशेषाशी जोडलंही. चंद्राच्या पेपरातल्या गटानं मात्र ही जवळीक बहुधा योगायोगाची असल्याचं मत दिलं. मला दुसरी भूमिका जास्त सावध वाटते. आकाशगंगेच्या पट्ट्यात पुढची-मागची हजारो प्रकाशवर्षं एकाच चित्रावर दाबून बसलेली असतात. तिथे दोन गोष्टी एकावर एक दिसणं म्हणजे नातं नव्हे. स्वतंत्र अंतर मोजल्याशिवाय तो बादरायण संबंधच. असं नातं वाचलं की विचारायचं: यादृच्छिकपणे टाकलेला ठिपका या अवशेषात पडण्याची शक्यता किती? आणि आपण असे किती ठिपके तपासले?

उगमाबद्दल लेखकांनी दोन्ही दारं उघडी ठेवली: जुना मॅग्नेटार, किंवा अतितीव्र चुंबकीय क्षेत्राचा श्वेत बटू जोडीत. दोन्हींत अडचणी असल्याचंही लिहिलं. काहींना हे पळवाटेसारखं वाटेल. माझ्या मते उपलब्ध पुराव्याइतकंच बोलणं हे आहे.

आता मूळ आक्षेप

२०२५ नंतर वारा उलटा वाहू लागला. ‘उकललं कोडं, सगळे श्वेत बटूच’ असं म्हणण्याकडे कल दिसतो. माझा आक्षेप यालाच आहे, आणि त्याची तीन कारणं आहेत.

पहिलं, निवडीचा दोष. ज्या जोड्यांमध्ये साथीदाराचा प्रकाश दिसला त्या जवळच्या आहेत, काहीशे पार्सेकवरच्या, आणि गर्दीच्या पट्ट्यापासून दूर. लाल बटू मुळात मंद. तो १५,००० प्रकाशवर्षांवर, धुळीच्या पलीकडे असेल तर सहसा दिसणारच नाही. आणि न्यूट्रॉन तारा दृश्य प्रकाशात जवळूनही दिसणं कठीण. म्हणजे आपली ओळखण्याची पद्धतच अशी आहे की तिच्यातून श्वेत बटू आणि लाल बटूची जोडीच बाहेर पडेल. ओळख पटलेल्यांवरून न पटलेल्यांबद्दल बोलताना हा हिशेब मांडायलाच हवा.

दुसरं, घड्याळ एकच नाही. हायड्रोजनयुक्त लाल बटू आणि श्वेत बटूच्या जोडीची कक्षा साधारण ८० मिनिटांच्या खाली जात नाही, कारण त्याआधीच लाल बटू आपली मर्यादा भरून सांडू लागतो. तेव्हा १२५ मिनिटं आणि २.९ तास हे कक्षेचे काळ असू शकतात आणि आहेतही. पण १८, २२ किंवा ४४ मिनिटं अशा जोडीची कक्षा असू शकत नाहीत. ती फिरण्याची वेळ असणार, किंवा जोडीच वेगळ्या प्रकारची असणार. मग ‘लाँग-पीरियड’ या एकाच नावाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टींचे काळ एकाच अक्षावर टाकतोय. ‘काळ विरुद्ध तेज’ अशा आलेखात हे सगळे ठिपके पाहिले की हे आठवा.

तिसरं, संथ न्यूट्रॉन तारे खरोखर आहेत. मीरकॅटनं शोधलेला पीएसआर जे०९०१-४०४६ हा ७६ सेकंदांचा आहे आणि तो न्यूट्रॉन तारा मानला जातो. आरसीडब्ल्यू १०३ या सुपरनोव्हा अवशेषाच्या मध्यावरची वस्तू ६.६७ तासांच्या तालात क्ष-किरण देते, आणि २०१६ मध्ये तिनं मॅग्नेटारसारखा स्फोटही केला. रेडिओतला ६.४५ तासांचा आस्काप जे१८३९-०७५६ फेरीच्या साधारण निम्म्यावर दुसरा स्पंदही देतो, जणू दोन ध्रुव आळीपाळीनं समोर येतात. ही खूण फिरणाऱ्या चुंबकाला जास्त शोभते. हे सगळे एकाच माळेचे मणी आहेत असं आधीच ठरवलं, तर यातला विसंगत मणी आपण ‘अपवाद’ म्हणून बाजूला ठेवू, आणि कदाचित सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिथेच हरवेल.

जुनं एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. २००५ मध्ये स्कॉट हायमन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेनं ७७ मिनिटांच्या अंतरानं पाच स्फोट देणारा जीसीआरटी जे१७४५-३००९ मांडला. जीएमआरटीच्या २००३ च्या डेटातही त्याचा एक स्फोट मिळाला. त्या वेळी त्याला ठेवायला कप्पाच नव्हता, म्हणून तो वर्षानुवर्षं एक विक्षिप्त नोंद म्हणून राहिला. आज कप्पा आहे, तेव्हा भीती उलट आहे: जे येईल ते त्यात टाकण्याची.

मग निर्णय कशानं होईल?

माझं मत बदलायला काय लागेल तेही सांगते, नाहीतर टीका अर्धीच राहील. गर्दीच्या पट्ट्यातल्या चार-पाच स्रोतांची अंतरं रेडिओ पॅरलॅक्सनं, म्हणजे डिस्पर्शनवर न विसंबता मोजली गेली, अवरक्त प्रकाशात साथीदार दिसले किंवा ‘असते तर दिसलेच असते’ इतक्या खोलवर शोधूनही दिसले नाहीत, आणि स्पंदांच्या वेळांत होर्वाथ यांच्यासारखी कक्षेची खूण एकामागून एक स्रोतांत मिळत गेली किंवा मिळाली नाही, तर पारडं ठामपणे कुठल्या तरी बाजूला झुकेल. यातलं तिसरं काम नव्या दुर्बिणीशिवायही होऊ शकतं. जीएमआरटीचा जुना डेटा मागणी करून मिळतो. १९८८ पासूनचे स्पंद जसे व्हीएलएच्या साठ्यात पडून होते, तसे आणखीही कुठे पडलेले असतील.

पुढच्या वेळी ‘उगम’ असलेला पेपर वाचाल तेव्हा चार प्रश्न समासात लिहून ठेवा. मोजलेला काळ कशाचा: फिरण्याचा, कक्षेचा, की दोन्हींच्या मिश्रणाचा? तेजाच्या आकड्यात अंतर कुठून आलं? वगळलेल्या पर्यायांच्या यादीत ‘जोडी’ होती का? आणि ज्या स्रोतांची ओळख पटली, ती का पटू शकली? या चारांची उत्तरं पेपरात मिळाली तर दाव्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. नाही मिळाली, तर तुमच्या पहिल्या प्रकल्पाचा विषय कदाचित तिथेच सापडेल.